पातळ थरांचे सामर्थ्य

बेळगावाजवळील मच्छे येथे १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे मुख्य स्थान आहे. ज्यांचे नाव त्यास दिले आहे, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. विद्येस प्रांतांच्या सीमा आडव्या येत नाहीत. याच भूभागात, निपाणीपलीकडे कोल्हापुरास, १९६२ साली शिवाजी विद्यापीठ निघाले आणि तेथे पदार्थविज्ञानाची एक उल्लेखनीय परंपरा रुजली.

तिचे मूळ जुने आहे. जगदीशचंद्र बोस यांना १९०४ साली अमेरिकेत मिळालेल्या एकस्वात विद्युत्‌लहरी ओळखण्यासाठी गॅलेना, म्हणजे शिशाचे सल्फाइड, वापरलेले आहे. असले पदार्थ धातूंप्रमाणे सुवाहक नसतात, काचेप्रमाणे दुर्वाहकही नसतात. त्यांस अर्धवाहक म्हणतात. उष्णता, प्रकाश, क्वचित वायूचा नुसता स्पर्शही त्यांची वाहकता पालटतो. या चंचलतेतच त्यांचे मोल आहे.

असल्या पदार्थांचे पातळ थर देण्यास एरव्ही निर्वात पोकळीची महागडी यंत्रे लागतात. कोल्हापुरात डॉ. एस. एच. पवार, डॉ. चंद्रकांत लोखंडे प्रभृतींनी चंचुपात्राचा मार्ग धरला. धातूच्या क्षाराचे द्रावण, धातूचे कण बांधून ठेवणारा अमोनिया आणि सावकाश गंधक सोडणारा थायोयूरिया यांच्या मिश्रणात काचपट्टी उभी करावयाची. गंधक हळूहळू मुक्त होतो आणि काचेवर सल्फाइडचा थर चढतो. घाई केली तर पात्रात नुसता साका बसतो. या पद्धतीचा विस्तृत आढावा लोखंडे यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. निकोलाऊ यांनी १९८५ साली वर्णिलेली, पट्टी आळीपाळीने दोन द्रावणांत बुडवून मध्ये धुण्याची रीतही येथे पुष्कळ वापरली गेली.

याच थरांनी तीन क्षेत्रे जोडली. प्रकाश पडताच वीज देणारे घट त्यांतून झाले. २००८ साली लोखंडे व सहकाऱ्यांनी पॉलिअ‍ॅनिलीन आणि टायटॅनियम ऑक्साइड यांच्या सांध्याने स्वयंपाकाचा गॅस साध्या तपमानास ओळखून दाखविला. असा सांधा हाच इलेक्ट्रॉनिकीचाही पाया होय. पुढे वीज झटपट साठविणाऱ्या महाधारित्रांसाठी, महाग रुथेनियमऐवजी मँगॅनीजसारख्या स्वस्त धातूंच्या ऑक्साइडांचे थर त्यांनी अभ्यासिले.

तथापि, या कार्यास मर्यादा आहेत. कॅडमियम व शिसे विषारी आहेत. आणि वीतभर काचपट्टीवर साधलेले यश कारखान्यात तसेच उतरेल, असा भरवसा नसतो. परंतु ज्या विद्यापीठाजवळ मोठी यंत्रे नाहीत, त्यासही जगाच्या संशोधनात आपला वाटा उचलता येतो, हे या चंचुपात्राने सिद्ध केले. मच्छ्यापासून कोल्हापुरापर्यंतच्या विद्यार्थ्याने साधनांच्या तुटवड्यापुढे हात टेकू नयेत, एवढा धडा त्यात निश्चित आहे.