वल्हांडण

मराठी बायबलात निर्गमाच्या बाराव्या अध्यायापाशी आले की एक शब्द हमखास थांबवतो : वल्हांडण. वल्हांडण सण, वल्हांडणाचे कोकरू, वल्हांडणाची रात्र. वर्तमानपत्रात हा शब्द दिसत नाही, बोलण्यातही येत नाही. वसईच्या किनाऱ्यावरच्या माणसाला विचारले तर तो त्याचा संबंध वल्ह्याशी लावील, कारण वल्हे त्याच्या रोजच्या ओळखीचे. पण होडीशी याचे काही नाते नाही. देशावरच्या शेतकऱ्यापुढे हाच शब्द ठेवला तर तो लगेच ओळखील. त्याच्याकडे ओढा ‘वलांडून’ जातात. ओलांडणे, वलांडणे, वल्हांडणे, एकाच क्रियापदाची ही रूपे. वल्हांडण म्हणजे ओलांडून जाणे, बस.

मूळ हिब्रू शब्द पेसाह. मिसर देशात गुलाम असलेल्या इस्राएली लोकांनी कोकरू मारून त्याचे रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि वरच्या कपाळपट्टीला लावले; त्या रात्री मृत्यू देशभर फिरला, आणि ज्या दाराला रक्त होते ते घर ओलांडून पुढे गेला. तमिळ बायबलाने हा शब्द ‘पस्का’ असा जवळजवळ जसाच्या तसा ठेवला. मराठी भाषांतरकारांनी तसे केले नाही. त्यांनी घरातले क्रियापद उचलले आणि त्याचे सणाचे नाव केले. मराठीतल्या भाषांतरांत इतकी नेमकी निवड मी फार थोडी पाहिली आहे.

नेमकी का, ते सांगतो. मराठीत ओलांडणे म्हटले की पहिल्यांदा आठवतो उंबरा, आणि निर्गमाची ती सगळी रात्र दाराच्या चौकटीपाशीच घडते. दुसरी गोष्ट त्याहून खोल आहे. आपल्याकडे झोपलेल्या मुलाला ओलांडत नाहीत. मुलाची वाढ खुंटते म्हणतात; चुकून कोणी ओलांडलेच तर आजी त्याला पुन्हा उलटे ओलांडायला लावते. ओलांडले जाण्याची भीती या भाषेच्या अंगात आहे. वल्हांडणाच्या रात्री मात्र ओलांडले जाणे हीच सुटका होती. घरातली थोरली मुले जगली ती त्यामुळेच. जी गोष्ट आपण मुलांच्या बाबतीत टाळत आलो तिनेच मुले वाचली, हे मराठी वाचकाच्या अंगावर जसे येते तसे ‘पस्का’ या शब्दाने येणार नाही.

या सणाला कोकणात आणखी एक मराठी नाव होते. अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूचे बेने इस्राएल, मराठी बोलणारे आपले यहुदी, पेसाहला ‘अनशी ढाकाचा सण’ म्हणत. अनस म्हणजे तोंडी लावायच्या आंबट पाण्याचे मडके; ढाकणे म्हणजे झाकणे. सणाच्या दिवसांत आंबवलेले काही चालत नाही, म्हणून मडके झाकून ठेवायचे, आणि सणाचे नावही त्या मडक्यावरूनच पडले. बायबलातली ‘बेखमीर भाकर’ याच सणाची. या दोन शब्दांत फारसी ‘बे’, अरबी ‘खमीर’ आणि आपली भाकरी एका पंक्तीला बसली आहेत.

वसईच्या कॅथलिक घरांत हाच शब्द पास्का होऊन आला तो दुसऱ्या वाटेने. हिब्रू पेसाह, त्याचे अरमाईक आणि मग ग्रीक पास्खा, लॅटिन पास्का, पोर्तुगीज पाश्कोआ. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत जे शब्द इथल्या तोंडात बसले ते किल्ला पडला तरी गेले नाहीत. एग्रेझाची इगर्ज झाली. नाताळ, फेस्त, पाद्री राहिले. आरोग्यदात्या मातेचे पोर्तुगीज बिरूद ‘रेमेदिउश’, म्हणजे उपाय, औषधे. त्याचे रमेदी हे वसईतल्या एका भागाचे नावच होऊन बसले. रमेदीला उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की आपण ‘औषधापाशी’ उतरलो?

वाटेत पास्का या शब्दाबाबत एक गमतीची चूक झाली होती. हिब्रू न जाणणाऱ्या जुन्या ग्रीक ख्रिस्ती लोकांना पास्खा ऐकताना आपले ‘पास्खेइन’, म्हणजे दुःख भोगणे, हे क्रियापद ऐकू येई. क्रूसावरच्या वेदनेमुळे ते पटतही असे. संत ऑगस्टिनने ती समजूत दुरुस्त केली : हा शब्द दुःखाचा नाही, पार जाण्याचा आहे. वसईत जुन्या घरांत शुक्रवारचे दुःख जेवढे मनापासून पाळतात, तेवढी ही दुरुस्ती मला जवळची वाटते.

पास्कासाठीचा इंग्रजी शब्द ईस्टर मात्र त्या कुळातला नाही. आठव्या शतकात बीड या इंग्लिश साधूने लिहून ठेवले की एओस्त्रे नावाच्या देवीच्या महिन्यावरून तो आला. शब्दाचे मूळ पहाटेच्या उजेडाशी जाते. इंग्रजीतली पूर्व दिशा आणि आपली उषा त्याच घरातल्या. मार्टिन ल्यूथरने १५२२ मध्ये नवा करार जर्मनमध्ये आणला तेव्हा यहुद्यांच्या पेसाहलाही त्याने लोकांच्या तोंडचे ‘ओस्टर्न’ हेच नाव दिले. इंग्रजीत टिंडेलही आधी त्याच वाटेने गेला. १५३० मध्ये त्याने ‘ओलांडून जाणे’ या अर्थाचा नवा जोडशब्द घडवला. आपल्या भाषांतरकारांनी शेवटी जे केले तेच.

आणि पुनरुत्थान? हा शब्द भारदस्त आहे, पण त्याचे हाड साधे आहे. उद् आणि स्था. त्यातून उत्थान झाले आणि बोलीत घासून घासून उठणे झाले. शुभवर्तमानाच्या ग्रीकमध्येही झोपेतून जागे होण्याचेच क्रियापद वापरले आहे. म्हणून ‘ख्रिस्त उठला’ हे वाक्य पुनरुत्थानापेक्षा कमी नाही. सकाळी आई ज्या शब्दाने पोराला हाक मारते तोच हा शब्द.

आशेचे तसे नाही. मराठीत आशा बरीच वर्षे संशयाखाली राहिली आहे. आशाळभूत माणूस कोणाला आवडत नाही, आणि एखाद्याला ‘आशेला लावणे’ म्हणजे फसवणेच. मंदिरात असो की कीर्तनात, आशा सोडायला सांगणारेच जास्त. ख्रिस्ती मराठीने तिला श्रद्धा आणि प्रीती यांच्या मधोमध बसवले आणि तिच्यावरचा हा डाग पुसला. संस्कृतात आशा म्हणजे दिशाही. ईस्टरच्या शब्दात पूर्व दिसल्यावर हा दुसरा अर्थ मला सोडवत नाही.

आता मंडळीबद्दल. मराठी बायबलात चर्चला शब्द आहे ‘मंडळी’, जो आपण घरच्या माणसांसाठी वापरतो. कॅथलिक वसईने आपला वेगळा शब्द घडवला : धर्मग्राम. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६०च्या दशकात, लॅटिन बाजूला होऊन मिस्सा मराठीत आली. १९९८ मध्ये वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाला. नंदाखाल, निर्मळ, सांडोर, पापडी, गिरीज, गास : सगळे धर्मग्राम. ऐकायला शब्द स्थिर वाटतो. गाव, विहीर, वाडी, पारावरचा क्रूस. पण ग्राम हा शब्द वेदकाळात स्थिर नव्हता. ग्राम म्हणजे गाई, गाडे, बायकामुले घेऊन एकत्र चालणारा जथा. असे दोन जथे समोरासमोर आले की संग्राम. ते लोक थांबले तेव्हा त्यांच्या मुक्कामाला ग्राम म्हणू लागले. ग्रीक ‘पारोइकिया’, ज्यापासून पॅरिश आले, त्याचाही अर्थ परक्या ठिकाणी तात्पुरते राहणे.

हे कळल्यापासून मी धर्मग्राम हा शब्द वेगळा ऐकतो. केळीच्या वाडीतली कुपारी कुटुंबे आहेत, कोळी आहेत, आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत नालासोपारा-विरारच्या इमारतींत आलेले मंगळुरी, मल्याळी, तमिळही त्याच बाकांवर बसतात. त्यांतले निम्मे सकाळच्या लोकलने खाडीवरचा पूल ओलांडतात आणि रात्री उलटा ओलांडतात.

पास्काच्या शनिवारी रात्री हा जथा चर्चच्या अंगणात उभा असतो. आतले दिवे बंद. बाहेर लाकडांचा विस्तव पेटतो, वाऱ्याने धूर तोंडावर येतो. त्यातून मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात. तिच्यावरून पहिली, पहिलीवरून दुसरी, असा उजेड मागे मागे सरकत येतो. आपल्या मेणबत्तीचा कागद कधी खाली घसरतो आणि मेण बोटावर पडते. आत गेल्यावर आलेलुया येईल. राखेच्या बुधवारपासून तो शब्द चर्चमध्ये कोणी उच्चारलेला नसतो. माणसांबरोबर एका शब्दानेही उपास धरलेला असतो, आणि तो या रात्री सुटतो.

गेल्या वर्षी माझ्या पुढे लाल लुगड्यातली एक आजी होती. एका हातात काठी, दुसऱ्यात मेणबत्ती. रांग दाराशी आली तशी ती थांबली. आत अजून अंधार होता, पुढचे काही दिसत नव्हते. शेजारच्या मुलाने, तिच्या नात्यातला नसावा, तिची मेणबत्ती आपल्या हातात घेतली, दोन्ही ज्योती खाली धरल्या आणि म्हणाला, “सांभाळून आजी, उंबरा आहे.”