आग्रा-मुंबई रस्ता आणि गेडीससाहेब

इंदूरचा इतिहास सांगताना आपण अहिल्याबाईंपासून सुरुवात करतो आणि थेट आजच्या उड्डाणपुलांवर येतो. मधला एक माणूस राहून जातो, तो पॅट्रिक गेडीस. होळकर दरबाराने बोलावलेल्या या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१८ साली दोन खंडांचा अहवाल दिला. शहरात तेव्हा प्लेगची दहशत होती. साहेबांनी एका दिवसाचे महाराजपद मागून घेतले आणि दिवाळीत मिरवणूक काढली. जाहीर केले ते असे, की मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. जिथली घरे जास्त झाडलेली-सारवलेली असतील त्या गल्ल्यांतून जाईल. मग काय, आळीआळीत चढाओढ! मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीरही होता. गिरणी कामगारांच्या झांक्या पाहत वाढलेल्या आपल्याला ही युक्ती चटकन कळावी.

जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता चिरत नेण्याला गेडीसांचा विरोध होता. आधी पायी फिरावे, एखादे पडके घर काढून मोकळी जागा करावी, बाकी वस्ती राखावी, ही त्यांची रीत.

आग्रा-मुंबई रस्ता तेव्हा जुन्या शहरापासून दूर, रेसिडेन्सीच्या बाजूला होता. पुढे शहरच त्याच्याकडे चालत गेले: पलासिया, गीता भवन, नवलखा, भंवरकुआँ. जड वाहनांना बायपास मिळाला, वस्तीतला रस्ता मात्र वाहतच राहिला. २०१३ मध्ये त्यावर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक, सुमारे साडेअकरा किलोमीटर, बीआरटीएस आली. मधली जागा बसला, कडेची बाकीच्यांना. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी ती हटवण्याची घोषणा केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानेही मान्यता दिली. भोपाळने ती आधीच काढायला घेतली होती.

कोंडी खरी होती, हे नाकारत नाही. पण रेलिंग काढून मिळालेली जागा काही वर्षांत मोटारीच भरून टाकतात, असा पुष्कळ शहरांचा अनुभव आहे. भंवरकुआँच्या शिकवणीला बसने जाणारी मुले या वादात फारशी बोलताना दिसली नाहीत. मोटारवाले बोलले, आणि आपली बरीच मंडळी त्यांतलीच. आमच्या मते रेलिंग राहो न राहो, बसला स्वतःची वाट हवीच. गाडी किती मिनिटांत पोचते यावर खूप बोलून झाले. पलासियाला एखाद्या आजीला रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो, यावरही आता बोलू या.