मीरा, आमची तीनचाकी आणि राहून गेलेले एक नाव



स्मरणिकेसाठी ‘आपल्या भागाचा इतिहास’ या विषयावर लिही, असा निरोप आला. किल्ले आणि देवळांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला आठवली ती एक मोटार. तिच्याबरोबर आणखी एक आठवली, ती आपल्या वर्गाची.

इचलकरंजीला रेल्वेने जायचे तर उतरावे लागते आपल्या हातकणंगले स्टेशनवर. त्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. माग आले, तसे ते दुरुस्त करणारे आले. मग लेथ, वेल्डिंग, ओतकाम आले. तिकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला. परदेशी यंत्र उघडून पाहायचे आणि तसे आपल्याकडे करायचे, ही आपल्या मुलखाची जुनी खोड आहे.

त्याच खोडीतून ‘मीरा’ जन्मली. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४५ मध्ये सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार करायचे मनावर घेतले. १९४९ मध्ये पहिली गाडी तयार झाली, दोन माणसांची. तिला रीतसर नंबरही मिळाला : एमएचके १९०६. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांनी मीराच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या केल्या. पोलादी पाट्यांऐवजी रबराचे सस्पेन्शन वापरले. किंमत बारा हजारांच्या आसपास ठेवायची, असा त्यांचा हिशेब होता.

पण मीरा कारखान्यातून बाहेर पडली नाही. १९५१ च्या उद्योग कायद्यानंतर मोटार बनवायची तर सरकारचा परवाना हवा. रस्त्यावर अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड एवढ्याच देशी गाड्या दिसत. एक गाडी हाताने घडवता येते. हजार घडवायला भांडवल, सुटे भाग पुरवणारे आणि परवाना, तिन्ही लागतात. डिसेंबर १९८३ मध्ये छोटी मोटार आली, ती सुझुकीच्या साथीने बनलेली मारुती ८००.

त्याच वेळी इंग्लंडमध्ये गोष्ट उलटी होती. १९५७ मध्ये लोटस कंपनीने ‘सेव्हन’ ही मोटार सुट्या भागांच्या स्वरूपातही विकायला काढली. तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. त्यामुळे लोक खोके घरी आणून शेडमध्ये गाडी जोडत. १९७३ मध्ये करपद्धत बदलली आणि ती सवलत संपली. कायद्याच्या एका फटीतून तिथे हौशी लोकांची पिढी तयार झाली. आपल्याकडे खोके मिळत नव्हते. आपले खोके म्हणजे भंगारवाल्याचे दुकान.

आमची गाडी तिथूनच आली. १९८४ ची मे महिन्याची सुट्टी, नववी नुकतीच संपलेली. मामांकडे पडून असलेली बजाज स्कूटर मिळाली. आम्ही तिघे होतो. तिसरा आपल्याच वर्गातला, लोहारसाळेतला. त्याने मला बजावले आहे की ‘माझं नाव छापू नको.’ म्हणून त्याला तिसराच म्हणतो.

स्कूटरचे इंजिन, गिअर आणि मागचे चाक एकत्रच असते. ते तसेच मागे ठेवले आणि पुढे दोन चाके लावली. यात मोठी सोय होती. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. एकाच दांड्याने दोन चाके फिरवायची तर मध्ये डिफरन्शियल लागते. फिरवायचे चाक एकच असले की तो प्रश्नच मिटतो. हे आम्हाला पुस्तकातून कळले नव्हते. तिसरा म्हणाला होता, “बैलगाडीला आस एक, पण चाकं ज्याची त्याची फिरत्यात.”

खरी अडचण पुढच्या चाकांची झाली. दोन्ही चाके सारखीच वळत, त्यामुळे वळणावर टायर फरफटत आणि कर्रकन आवाज येई. आम्ही दोघे दांडा लांब-आखूड करत बसलो. तिसऱ्याने साळेच्या फरशीवर खडूने गाडी काढली, मागच्या चाकापासून पुढच्या दोन्ही चाकांपर्यंत रेघा ओढल्या आणि म्हणाला, “लेका, आतलं चाक जास्त वळाया पायजे. हे हात ह्या रेघांवर तिरके कर.” त्याने ते हात तापवून वाकवले. आवाज थांबला. पुढे अभियांत्रिकीला गेल्यावर ही रचना पुस्तकात ‘अ‍ॅकरमन’ या नावाने भेटली, तेव्हा मी ते पान बराच वेळ उलटले नाही.

गाडीने शाळेच्या मैदानाला सात फेऱ्या मारल्या. रिव्हर्स नव्हता, ब्रेक फक्त मागे. आठव्या फेरीत क्लचची तार तुटली. तुमच्यापैकी निम्म्यांनी ती ढकलली आहे.

आता ज्यासाठी हे लिहितो आहे ते. त्या वर्षी तिसरा नववीत नापास झाला आणि इचलकरंजीला मागावर लागला. हिवाळ्यात आम्ही तीनचाकी विज्ञान प्रदर्शनात मांडली. अर्जावर नावांसाठी दोनच ओळी होत्या. आम्ही आमची दोन नावे लिहिली. ‘तो आता शाळेत नाही’, हे कारण आम्हीच आम्हाला दिले. सरांना विचारले असते तर त्यांनी तिसरी ओळ आखून दिली असती, याची मला आजही खात्री आहे. प्रमाणपत्र माझ्या घरी आहे.

२०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून छोटी जीप केली, ती सगळ्यांनी मोबाईलवर पाहिली असेल. नियमात बसत नसल्याने ती आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल, असे म्हणत आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिली. आता अभियांत्रिकीची मुले ‘बाहा’ स्पर्धेसाठी स्वतः सांगाडा घडवून गाड्या पळवतात.

मीराला नंबर मिळाला, परवाना नाही. लोहारांच्या जीपला नंबर नव्हता, पण माणसाला मान मिळाला. आमच्या गाडीला नंबर लागणारच नव्हता. निदान नावे तरी तीन हवी होती.

मागच्या महिन्यात त्याला भेटलो आणि हे सांगितले. तो हसला, चहा मागवला आणि विचारले, “ते पुढचे हात अजून हायत का?” आहेत. मामांच्या परड्यात गंजले आहेत, पण रेघेवरच आहेत. मेळाव्याच्या दिवशी घेऊन येतो. त्यालाही घेऊन येतो. ओळख करून देताना सरांनी आमची नावे शेवटी घ्यावीत.