संभोगवेदना (स्त्रियांमधील)

संभोगाच्या वेळी किंवा नंतर योनिमुखाशी, योनीत अथवा ओटीपोटात होणारे दुखणे. वैद्यकीय नाव डिस्परुनिया. बाह्यरुग्ण विभागात ही तक्रार क्वचितच थेट येते. ‘अंगावरून पांढरं जातं’ असे सांगून झाल्यावर, उठता उठता बाई हळूच म्हणते, ‘संबंधाच्या वेळी आग होते.’

लैंगिक विषयांवर मराठीत उघडपणे बोलण्याची वाट र. धों. कर्वे यांनी पाडली. 1921 मध्ये त्यांनी गिरगावात संततिनियमन केंद्र काढले आणि 1927 ते 1953 ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. कामसुखावर स्त्रीचाही हक्क आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून 1934 मध्ये खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग उभारला.

वारंवार आढळणारे कारण म्हणजे कोरडेपणा. घाई, मनावरचा ताण, अंगावर पाजण्याचा काळ आणि पाळी जाणे यांमुळे ओलावा कमी होतो. गिरणगावातल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात, पडद्यापलीकडे सासू-सासरे झोपलेले असताना, शरीर सैल पडायला उसंत तरी कुठली? आधी पुरेसा वेळ देणे हाच पहिला उपाय. औषधाच्या दुकानात पाण्याच्या आधारावर बनवलेली वंगण-जेली मिळते. ती दोघांनीही लावावी. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लॅटेक्सच्या निरोधसोबत वापरू नये, निरोध फाटू शकतो. पाळी गेल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने इस्ट्रोजेनचे मलम उपयोगी पडते. स्त्री वर असली की खोली आणि वेग तिच्या हातात राहतात.

खाज, दुर्गंधी असल्यास जंतुसंसर्गाचे उपचार दोघांना लागू शकतात. आत खोलवर दुखत असेल आणि पाळीतही असह्य कळा येत असतील, तर एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याची) तपासणी हवी. योनीचे स्नायू आपोआप आवळले जात असतील (योनि-आकर्ष), तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे (पेल्विक फ्लोअर) व्यायाम, क्रमाक्रमाने मोठे होणारे डायलेटर आणि समुपदेशन यांनी बहुतेकींना आराम पडतो. बाळंतपणातले टाके पूर्ण भरेपर्यंत थांबावे.

‘सुरुवातीला दुखतंच, सवय होईल’ हा सल्ला घातक आहे. दुखत असताना रेटल्यास पुढच्या वेळी शरीर आधीच आखडते. दुखले की थांबणे पतीचे कर्तव्य आहे. संभोगानंतर रक्त गेल्यास, विशेषतः पाळी गेलेल्या बाईने, लाजेपोटी दिवस न घालवता स्त्रीरोगतज्ज्ञाकडून गर्भाशयमुख तपासून घ्यावे.