टर्मिनलमध्ये पेस्ट केलेली लांब ओळ अर्धवट का पोहोचते?

लिनक्स वापरणाऱ्याने मोठी ‘की’ किंवा एका ओळीतला लांबलचक जेसन मजकूर टर्मिनलमध्ये पेस्ट केला. स्क्रीनवर तो पूर्ण दिसला, एंटर दाबल्यावर एरर आली नाही. पण फाइल उघडली तर शेवटचा भाग गायब! यात कॉपी-पेस्टची चूक नसते. कारण असते टर्मिनलच्या इनपुट बफरची मर्यादा.

ही मर्यादा किती?

लिनक्समध्ये एका ओळीसाठी ४,०९६ बाइट. त्यातला एक बाइट एंटरचा, म्हणजे मजकुराला उरतात ४,०९५. त्यापुढे जे येते ते कर्नल टाकून देतो आणि फक्त एंटरची वाट पाहतो. मात्र टाइप झालेले स्क्रीनवर उमटवण्याचे काम सुरूच राहते. त्यामुळे डोळ्यांना पूर्ण ओळ दिसते, प्रोग्रामच्या हाती मात्र कापलेली ओळ पडते.

मॅकओएसवर ही मर्यादा १,०२४ बाइट आहे. पॉझिक्स या मानकानुसार कोणत्याही प्रणालीने किमान २५५ बाइटची ओळ स्वीकारलीच पाहिजे.

पण मर्यादा हवीच कशाला?

टर्मिनल नेहमीच्या, म्हणजे ‘कॅनॉनिकल’ पद्धतीत असते, तेव्हा टाइप केलेले अक्षर लगेच प्रोग्रामकडे जात नाही. एंटर दाबेपर्यंत कर्नल ती ओळ स्वतःकडे ठेवतो. म्हणूनच बॅकस्पेसने अक्षर खोडता येते किंवा कंट्रोल-यू दाबून अख्खी ओळ पुसता येते. ओळ धरून ठेवायची तर जागा लागते आणि ती जागा ठरलेल्या मापाची असते.

ही पद्धत जुनी आहे. १९७५च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत ओळीची कमाल लांबी २५६ होती. तेव्हा ओळ माणूस हाताने टाइप करायचा, त्यामुळे एवढी जागा पुरेशी होती. आज एका पेस्टमध्ये हजारो अक्षरे येतात.

मराठी मजकुराला फटका जास्त का?

कारण मर्यादा अक्षरांची नाही, बाइटची आहे. यूटीएफ-८मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, वेलांटी आणि हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हे धरली जातात. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दात अशी १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट. या हिशेबाने लिनक्सवर एका ओळीत देवनागरीची जेमतेम १,३६५ चिन्हे मावतात. कधी कधी काप एखाद्या चिन्हाच्या मधोमध बसतो आणि शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो.

मग नेहमी अडचण का येत नाही?

बॅश किंवा झेडशेलच्या प्रॉम्प्टवर ओळ संपादनाचे काम शेल स्वतः करते, कर्नलवर सोपवत नाही. तिथे ही मर्यादा आड येत नाही. ‘कॅट’सारखा आदेश थेट कीबोर्डवरून वाचत असेल किंवा एखादी साधी स्क्रिप्ट उत्तर मागत असेल, तेव्हा ती जाणवते. शिवाय मर्यादा एका ओळीपुरती आहे. छोट्या ओळींचा भरपूर मजकूर पेस्ट केला तर तो सहसा नीट जातो.

उपाय काय?

• सर्वात सोपा मार्ग म्हणजे मजकूर एडिटरमध्ये पेस्ट करून फाइल सेव्ह करणे आणि तीच फाइल प्रोग्रामला देणे.
• मॅकओएसवर ‘पीबीपेस्ट’ हा आदेश क्लिपबोर्डमधला मजकूर टर्मिनलच्या बफरमधून न नेता थेट फाइलमध्ये उतरवू शकतो.
• ‘एसटीटीवाय’ आदेशाने कॅनॉनिकल पद्धत तात्पुरती बंद करता येते. मात्र तेव्हा बॅकस्पेस आणि कंट्रोल-डी नेहमीसारखे चालत नाहीत. काम झाल्यावर ‘एसटीटीवाय सेन’ देऊन टर्मिनल पूर्ववत करावे लागते.

मजकूर पूर्ण पोहोचला का, हे स्क्रीनवर पाहून कळत नाही. ‘डब्ल्यूसी’ आदेशाने फाइलचे बाइट मोजावेत. लिनक्सवर एका ओळीच्या फाइलचा आकडा नेमका ४,०९६ आला, तर ओळ कापली गेल्याची दाट शक्यता असते. पासवर्ड, की किंवा सेटिंग्जच्या बाबतीत ही मोजणी टाळू नये; कापलेली की बरोबर दिसते, पण कुलूप उघडत नाही.