अमेरिकन फुटबॉलपटू : मेंदूचे आघात व मानसिक आरोग्य

अमेरिकन फुटबॉलमध्ये डोक्याला वारंवार बसणाऱ्या धडकांमुळे मेंदूला होणारी इजा, आणि निवृत्तीनंतर खेळाडूंमध्ये आढळणारे स्मृती, मनःस्थिती व वर्तन यांचे विकार. त्यांतील सर्वाधिक चर्चेचा विकार म्हणजे दीर्घकालीन आघातजन्य मेंदूविकृती. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘सीटीई’ म्हणतात. कोल्हापूर-गोव्यात पायाने खेळला जातो तो फुटबॉल येथे अभिप्रेत नाही. अंडाकृती चेंडू हातात घेऊन, हेल्मेट व खांद्यांवर संरक्षक कवच घालून खेळल्या जाणाऱ्या या खेळात प्रतिस्पर्ध्याला अंगाने भिडून पाडणे नियमातच बसते.

मेंदू कवटीत द्रवाने वेढलेला असतो. वेगात असलेले डोके एकाएकी थांबले किंवा झटक्याने वळले, की मेंदू आतल्या आत हिंदकळतो, पिळवटतो आणि त्यातील लांब चेतातंतू ताणले जातात. हेल्मेट कवटी फुटू देत नाही. मेंदूचे हिंदकळणे मात्र ते थांबवू शकत नाही. धडकेनंतर गरगरणे, गोंधळणे, काही वेळ आठवण पुसली जाणे या अवस्थेला कन्कशन म्हणतात. पण केवळ कन्कशन मोजून धोका कळत नाही. आघाडीच्या फळीतील खेळाडू जवळजवळ प्रत्येक चालीत समोरच्याशी डोक्या-खांद्याने भिडतो. त्यातील एकेक धडक किरकोळ वाटते आणि त्याचे कन्कशन एकदाही नोंदले गेलेले नसते, तरी वर्षानुवर्षांच्या हजारो धडका साचत जातात. सीटीईचा संबंध कन्कशनच्या संख्येपेक्षा खेळलेल्या एकूण वर्षांशी अधिक घट्ट आहे, असे बॉस्टन विद्यापीठातील संशोधन सांगते.

या विकारात चेतापेशींतील टाऊ नावाचे प्रथिन विकृत होऊन साचू लागते. अल्झायमरमध्येही टाऊ साचते. सीटीईमध्ये मात्र ते मेंदूच्या वळ्यांमधील खाचांच्या तळाशी, सूक्ष्म रक्तवाहिन्यांभोवती जमते, आणि या ठेवणीवरूनच विकार ओळखला जातो. त्याची खात्री आजही मृत्यूनंतर मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच करता येते. जिवंत खेळाडूला कोणताही डॉक्टर ‘तुम्हाला सीटीई आहे’ असे ठामपणे सांगू शकत नाही. पुढील सगळी गुंतागुंत येथूनच सुरू होते.

मुष्टियोद्ध्यांमधील असा विकार अमेरिकी विकृतिवैज्ञानिक हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच वर्णिला होता. फुटबॉलकडे लक्ष वळायला माइक वेबस्टर यांचा मृत्यू व्हावा लागला. पिट्सबर्ग स्टीलर्स संघाच्या आघाडीच्या फळीतील या खेळाडूने चार सुपर बोल (हंगामाचे अंतिम सामने) जिंकले होते. निवृत्तीनंतर त्यांची स्मृती व निर्णयशक्ती ढासळली, संसार मोडला, काही काळ त्यांनी स्वतःच्या गाडीत झोपून काढला. २००२ मध्ये वयाच्या ५० व्या वर्षी ते वारले. शवविच्छेदन करणारे नायजेरियात जन्मलेले डॉक्टर बेनेट ओमालू यांना त्यांच्या मेंदूत टाऊचे साठे सापडले व २००५ मध्ये त्यांनी तो शोधनिबंध प्रसिद्ध केला. नॅशनल फुटबॉल लीगच्या (एनएफएल) मेंदू-इजा समितीतील डॉक्टरांनी तो मागे घेण्याची मागणी केली. लीगने १९९४ मध्ये नेमलेल्या या समितीचे पहिले अध्यक्ष संधिवाताचे तज्ज्ञ होते. वेबस्टर यांचे अपंगत्व फुटबॉलमधील डोक्याच्या इजांमुळे आले, असे खेळाडूंच्या निवृत्तिवेतन मंडळाने १९९९ मध्येच लेखी मान्य केले होते. तरीही लीगचे डॉक्टर पुढे अनेक वर्षे असा संबंध नाकारत राहिले. या नकाराची किंमत खेळाडूंच्या कुटुंबांनी मोजली. लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांसमोर हा संबंध उघड मान्य केला, तो २०१६ मध्ये.

माजी खेळाडू डेव्ह ड्युअरसन यांची कहाणी याहून अस्वस्थ करणारी आहे. निवृत्त खेळाडूंचे अपंगत्वाचे दावे तपासणाऱ्या मंडळावर ते स्वतः बसत असत. २०११ मध्ये ५० व्या वर्षी त्यांनी जीवन संपवले, तेव्हा आपला मेंदू संशोधनाला द्यावा असा निरोप मागे ठेवला. तपासणीत सीटीई आढळला. पुढच्या वर्षी ज्युनियर सिआऊ हा लोकप्रिय खेळाडू ४३ व्या वर्षी तसाच गेला. त्याच्याही मेंदूत हीच विकृती निघाली.

बॉस्टन विद्यापीठात अ‍ॅन मॅकी यांच्या गटाने एनएफएलच्या १११ खेळाडूंचे मेंदू तपासले; २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी ११० मध्ये सीटीई होता. २०२३ पर्यंत हा आकडा ३७६ पैकी ३४५ झाला. हा आकडा जपून वाचावा. ज्यांच्यात लक्षणे दिसली, बहुधा त्यांच्याच कुटुंबीयांनी मेंदू दान केले. त्यामुळे दहांतील नऊ खेळाडूंना हा विकार होतो, असा अर्थ काढणे चूक आहे. मात्र आकडा उडवून लावणेही तितकेच चूक आहे, कारण सर्वसामान्य लोकांच्या १६४ मेंदूंत याच विद्यापीठाला सीटीईचे एकच उदाहरण सापडले, आणि ती व्यक्ती कॉलेजात फुटबॉल खेळलेली होती.

मनाच्या आजारांचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. तीन किंवा अधिक कन्कशन झालेल्या निवृत्त खेळाडूंमध्ये नैराश्याचे निदान सुमारे तिप्पट आढळले, असे २००७ च्या एका पाहणीत दिसले. दुसरीकडे, किमान पाच हंगाम खेळलेल्या ३,४०० हून अधिक खेळाडूंच्या मृत्युनोंदी अमेरिकी सरकारी संस्थेने तपासल्या, तेव्हा आत्महत्यांचे प्रमाण सर्वसाधारण पुरुषांपेक्षा कमी निघाले. म्हणून एखाद्या खेळाडूची आत्महत्या थेट टाऊच्या खात्यावर मांडता येत नाही. जुनाट वेदना, वेदनाशामकांचे व्यसन, झोपेत श्वास अडकणे, तिशीतच अचानक संपलेली कारकीर्द, पैशांची ओढाताण यांपैकी अनेक गोष्टी एकाच माणसात एकत्र असतात.

हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये दाखवून दिलेली बाब या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. सुमारे २,००० माजी खेळाडूंपैकी एक-तृतीयांश जणांना आपल्याला सीटीई आहे असे वाटत होते, आणि त्यांच्यातील साधारण चौथ्या हिश्श्याने आत्महत्येचे विचार येत असल्याचे सांगितले. इतरांत हे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. नैराश्य, निद्राश्वसनरोध, वेदना, टेस्टोस्टेरॉनची कमतरता यांमुळेही विसराळूपणा व चिडचिड होते आणि या साऱ्यांवर उपचार आहेत. मरेपर्यंत ज्याचे निदानच होत नाही अशा रोगाच्या भीतीने उपचार होणारा आजार तसाच ठेवला जाणे, ही टाळता येण्याजोगी हानी आहे. माजी खेळाडू तपासणीला आला की डॉक्टरांनी आधी या गोष्टी शोधल्या पाहिजेत.

साडेचार हजारांहून अधिक खेळाडूंनी लीगवर भरलेल्या दाव्यांची तडजोड न्यायालयाने २०१५ मध्ये मंजूर केली. आजवर १ अब्ज डॉलरपेक्षा अधिक भरपाई मंजूर झाली आहे. स्मृतिभ्रंश, अल्झायमर, पार्किन्सन, एएलएस यांसाठी ती मिळते. सीटीईसाठी मात्र मंजुरीपूर्वी मरण पावलेल्यांच्याच वारसांना मिळाली, आणि नैराश्य व वर्तनातील बदल यांना तीत जागाच नाही. त्यातही बौद्धिक चाचण्यांचे गुण वंशानुसार वेगळे मोजले जात. कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळ क्षमताच कमी धरली गेल्याने त्यांची घसरण सिद्ध होणे अवघड होई. दोन माजी खेळाडूंनी २०२० मध्ये याविरुद्ध दाद मागितली. पुढे ही पद्धत रद्द झाली आणि नाकारलेल्या दाव्यांच्या फेरमोजणीचा मार्ग २०२२ मध्ये खुला झाला.