क्लिक कोणता आणि ‘ट’ कोणता? जुन्या तबकड्या साफ करण्याआधी

आज माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करते.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एका जुन्या ७८ आरपीएम तबकडीवरून घेतलेली फाइल आली. आवाज कमी, टिकटिक जास्त. मी ती ऑडॅसिटीत उघडली, पूर्ण सिलेक्ट केली आणि ‘क्लिक रिमूव्हल’ चालवलं. थोडीच टिकटिक गेली, म्हणून सेटिंग आणखी कडक केलं. आता एकदम स्वच्छ! त्यावरूनच लिप्यंतर केलं. मार्गदर्शकांनी ते वाचून एवढंच विचारलं, ‘मूळ फाइल ऐकलीस का?’ ऐकली. जिथे मी ‘इथे व्यंजन शिथिल होतं’ अशी टीप लिहिली होती, तिथे मूळ फाइलमध्ये ‘ट’ खणखणीत होता. बोलणाऱ्याने तो उच्चारला होता, पुसला मी होता.

हे का झालं, ते कळण्यासाठी थोडा इतिहास बघू.

त्या काळच्या तबकड्या शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या. ही लाख मोठ्या प्रमाणावर भारतातूनच जायची. तिच्यात दगडाची बारीक पूड मिसळत, म्हणून खरखर तबकडीच्या अंगातच असते. क्लिकचं कारण वेगळं: ओरखडा, धूळ, तडा. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ०.७७ सेकंद. अनेक खाचांवरून गेलेला ओरखडा दर ०.७७ सेकंदांनी ‘टक्’ करतो. हा ठेका लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

टेप आल्यावर क्लिक ब्लेडने कापून काढता येऊ लागला. सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावणाऱ्या टेपवर एक मिलिसेकंद म्हणजे ०.३८ मिलिमीटर! इतकी बारीक पट्टी कापायची आणि टोकं पुन्हा जोडायची. कष्ट इतके, की प्रत्येक क्लिक ऐकून, विचार करूनच काढला जाई.

१९८० च्या दशकात ब्रिटनच्या नॅशनल साउंड आर्काइव्हच्या गरजेतून केंब्रिज विद्यापीठात संगणकाने ध्वनी दुरुस्त करण्याचं संशोधन झालं. त्यातूनच १९८८ मध्ये सीडार ही कंपनी निघाली. अशा पद्धतींचं तत्त्व साधं आहे. ध्वनीचे आधीचे-नंतरचे नमुने बघून मधला नमुना साधारण कसा असावा, याचा अंदाज बांधायचा. एखादा नमुना अंदाजापासून फार दूर गेला, तर तो क्लिक. तो काढायचा आणि तिथे अंदाजाने भरायचं. २००० साली ऑडॅसिटी मोफत मिळू लागलं आणि अशी साधनं हळूहळू आपल्यासारख्या विद्यार्थ्यांच्याही हातात आली.

पण नीट बघा. दुरुस्त केलेल्या जागी जे ऐकू येतं, तो मूळ आवाज नसतो. तो तर्क असतो.

आता माझा ‘ट’. ट, त, क ही स्पर्श व्यंजनं म्हणताना हवा क्षणभर अडते आणि एकदम सुटते. हा स्फोट काही मिलिसेकंदांचा. तबल्यावर चाटेवरच्या ‘ना’ची सुरुवातही अशीच अचानक. सॉफ्टवेअरला अर्थ कळत नाही, ‘अचानक’ एवढंच कळतं. ओरखडा आणि व्यंजन त्याच्या लेखी सख्खी भावंडं.

संशोधकाला याची किंमत मोठी पडते. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणासाठी १९१३ ते १९२९ या काळात अनेक भाषा-बोलींच्या तबकड्या मुद्रित झाल्या. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट त्यांत वेगवेगळ्या बोलींत सांगितलेली आहे. अशा सामग्रीत उच्चार हाच पुरावा. तो ‘साफ’ झाला, तर शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला पुन्हा विचारायला कोण जाणार?

म्हणून आता मी हे पाळते:

१. मूळ फाइलला हात लावत नाही. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात: जतनाची प्रत जशीच्या तशी, साफसफाई वेगळ्या प्रतीवर.

२. पूर्ण फाइलवर एकदम क्लिक रिमूव्हल चालवत नाही. आधी ठेका बघते. दर ०.७७ सेकंदांनी येणारा टक् बहुधा ओरखडा, शब्दाबरोबर येणारा बहुधा उच्चार. एकेका क्लिकसाठी ‘रिपेअर’ वापरते. ते एका वेळी १२८ नमुनेच बदलतं, म्हणजे नेहमीच्या ४४,१०० च्या दराने तीन मिलिसेकंदांहूनही कमी.

३. काढून टाकलेलं ऐकते. साफ प्रत उलटी (‘इन्व्हर्ट’) करून मूळ प्रतीत मिसळली, की फक्त काढलेला भाग उरतो. त्यात कुजबुजल्यासारखे शब्द ऐकू आले, तर समजा पुरावा कचऱ्यात चाललाय.

४. सॉफ्टवेअर, आवृत्ती, सेटिंग, तारीख हे सगळं वहीत लिहिते आणि प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणातही देते.

कागदपत्रांवर काम करणारा संशोधक पुसट अक्षर स्वतःच गिरवून ‘मूळात असंच होतं’ म्हणत नाही. आपणही ध्वनीच्या बाबतीत तेवढीच शिस्त पाळू. तुमच्याकडे एखादी ‘साफ’ केलेली फाइल असेल, तर आज तिसरी पायरी करून बघा. माझी ती टीप मला खोडावी लागली, तुमची छापून येण्याआधी तपासा.